मोठी सेडान बाळगण्याचा विधी

सहा-सात वर्षं वापरलेली मोठी सेडान नव्या हॅचबॅकच्या भावात मिळते, ही बातमी घरातल्या कर्त्या माणसाला ज्या दिवशी लागते त्या दिवसापासून पुढील मार्गदर्शन लागू समजावं. त्याआधी वाचून उपयोग नाही. त्यानंतर वाचलं तरी गाडी घेतली जाणारच आहे, पण शास्त्र सांगून ठेवलेलं बरं.

प्रथम पात्रता. डिकी आहे म्हणून कुठलीही गाडी मोठी सेडान होत नाही. २००६ साली केंद्र सरकारनं चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी केलं आणि आपल्याकडे डिक्या छाटण्याचा उद्योग सुरू झाला. २००८ मध्ये टाटांनी इंडिगो सीएस काढून सेडानचं शेपूट चार मीटरच्या आत बसवून दाखवलं, मग डिझायर, अमेझ वगैरे मंडळीही त्याच मापात शिवली गेली. त्यांच्या मालकांनी हा लेख इथेच सोडून सुखानं झोपावं. आपला विषय पावणेपाच मीटरच्या पुढचा आहे: सुपर्ब, अकॉर्ड, कॅमरी, पसाट ही घराणी. नवी घ्यायला जावं तर सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर ४० टक्के जीएसटी. जुनी झाली की मात्र कोणी विचारत नाही, कारण आता ज्याला त्याला उंच गाडी हवी आहे. म्हणून ती स्वस्त मिळते. गाडी स्वस्त झाली म्हणजे तिचा हेडलाइट स्वस्त झाला असं नसतं, हे पहिल्या हेडलाइटच्या वेळी कळेल.

गाडी घरी आली की पेढे वाटून होण्याच्या आत जागेचा प्रश्न निघतो. सोसायट्यांमध्ये लहान गाड्यांसाठी आखलेल्या जागा साडेचार मीटर लांबीच्या असतात. गाडी ४.८ मीटर. उरलेले तीस सेंटिमीटर ही आता सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची मालमत्ता झाली. त्यावर बोलू नये, अर्ज करू नये, आणि मोजमापाची टेप तर कोणाच्या देखत काढूच नये. फक्त बाहेर काय ठेवायचं एवढं ठरवावं, नाक की शेपूट. आमची शिफारस नाकाची. सेडानची डिकी सपाट असते आणि ती बाहेर राहिली की आठवड्याभरात इस्त्रीवाला तिच्यावर कपड्यांचा गठ्ठा टेकवू लागतो, मग दूधवाला हिशेबाची वही लिहायला टेकतो, आणि उन्हाळ्यात तिच्यावर सांडग्यांचं ताट उन्हाला आलेलं दिसतं. ताट उचलण्याचा अधिकार मालकाला नाही. ते कोणाचं आहे हे शोधण्यात संबंध बिघडतात.

आता गतिरोधक. या विषयाला घाईनं हात घालू नये.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल माथ्याचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरनं तो सुखरूप ओलांडता येतो. असा गतिरोधक कोणाला आढळल्यास त्यानं त्याची खणानारळानं ओटी भरावी. आपल्या वाट्याला येतो तो वेगळा. गावात अपघात होतो, दुसऱ्या दिवशी रस्ता अडवला जातो, आणि तिसऱ्या दिवशी उरलेल्या डांबराचा एक ढिगारा आडवा पडतो. त्याला पांढरे पट्टे नसतात. रुंदी दीड-दोन फूट, उंची ठेकेदाराच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर. मोठ्या सेडानचं पोट गाडी रिकामी असताना जमिनीपासून साधारण पंधरा-सोळा सेंटिमीटर वर असतं. पाच माणसं आणि डिकीत गणपतीपुळ्याहून आणलेली आंब्याची पेटी भरली की स्प्रिंगा दबून ते आणखी खाली येतं. शिवाय पुढच्या आणि मागच्या चाकांत पावणेतीन मीटरचं अंतर. पुढची चाकं उतरलेली, मागची अजून चढायची, आणि मधलं पोट ढिगाऱ्यावर. इथे उंचीइतकाच लांबीचाही दोष आहे, पण गाडीतली कुठलीही व्यक्ती हे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसते.

विधी असा: गाडी जवळजवळ थांबवावी. रस्ता मोकळा असेल तर तिरकी घालावी, म्हणजे एका वेळी एकच चाक वर चढतं आणि पोट जरा उचललेलं राहतं. मागचा टेम्पो हॉर्न वाजवील, वाजवू द्यावा. तरीही धीर होत नसेल तर माणसं उतरवावीत. माणसं वजनाच्या क्रमानं उतरवणं शास्त्रशुद्ध आहे, पण व्यवहारात मानाचा उलटा क्रम पाळला जातो: आधी मुलं, मग बायको, मग चुलतभाऊ. सासूबाई उतरत नाहीत. मामा तर उतरतच नाहीत, आणि गाडीतला मोठा भार मामांचाच असतो. चाळीस किलोची दोन पोरं उन्हात रस्त्यावर उभी करून आपण नव्वद किलोचे मामा अलगद पलीकडे नेतो. खालून ‘खर्रर्र’ असा आवाज येतो. त्यावर मामा म्हणतात, “खालून लागली वाटतं.” याला उत्तर द्यायचं नसतं.

मामा मागे का बसतात, हे समजून घेतल्याशिवाय या गाडीचं दुखणं कळणार नाही. ही गाडी मागच्या सीटसाठी जन्माला आलेली आहे. पहिल्या पिढीची सुपर्ब काढताना स्कोडानं पसाटचाच सांगाडा लांबवला, आणि ती वाढीव लांबी सगळी मागच्या प्रवाशाच्या गुडघ्यांना दिली. मागच्या दारात छत्री ठेवायला खास कप्पा दिला. मागे एसीची वेगळी झडप, उन्हाचा पडदा, आणि काही गाड्यांत पुढच्या डाव्या सीटच्या बाजूला बटणं, जी मागे बसल्या बसल्या हात लांबवून दाबली की पुढची सीट पुढे सरकते. कल्पना अशी होती की पुढे पगारी ड्रायव्हर असेल आणि मागे मालक. आपल्याकडे ही गाडी सेकंडहँड होऊन मध्यमवर्गात उतरली, ड्रायव्हर उतरला नाही. आता उजवीकडे पुढे हप्ते भरणारा बसतो, आणि त्याच्या वाट्याला हॅचबॅकमध्ये होती तेवढीच जागा असते. डावीकडे त्याची बायको. ते बटण सासूबाईंच्या हाताला लागतं. खोपोलीपर्यंत बायकोचे गुडघे डॅशबोर्डला टेकलेले असतात आणि मागून विचारणा होते, “सूनबाई, अवघडून का बसलीस?” मागच्या काचांची बटणं लॉक करता येतात, हे बटण येत नाही. छत्रीबद्दल एवढंच की ती मागच्यांसाठी आहे. पावसात तुम्ही भिजत उतरायचं, मागचं दार उघडायचं, आणि कप्प्यातून काढून ती त्यांच्या डोक्यावर धरायची.

पावसाचा विषय निघाला आहे तर सनरूफ उरकून टाकू. काचेच्या छताच्या चौकटीत चारी कोपऱ्यांना पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. गाडी गुलमोहोराखाली लावली की त्या पानांच्या चुऱ्यानं तुंबतात. पाणी छतातच साठून राहतं आणि पहिला जोरदार ब्रेक लागला की पुढे धावून आतल्या दिव्यातून गळतं. दिवा पुढच्या दोन सीटच्या मधोमध असतो. मागे एक थेंब जात नाही. उपाय सोपा: पावसाळ्याआधी नळ्या साफ करून घ्याव्यात. तार खुपसू नये, नळी आतल्या आत निसटते आणि मग पाणी गालिच्याखाली उतरून तिथल्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांपर्यंत पोचतं. त्यानंतर गाडी स्वतःहून काच खाली करू लागते, आणि घरात शांती करून घेण्याविषयी बोललं जातं.

साचलेल्या पाण्यात मात्र विनोद नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि बंद पडलेल्या गाडीला पुन्हा चावी मारायची नसते हा धडा त्या वेळी अनेक मुंबईकरांनी इंजिनाची किंमत मोजून घेतला. हवा ओढणारं तोंड बहुतेक सेडानमध्ये बॉनेटखाली पुढेच असतं. त्यातून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तेव्हा पाण्यात गाडी बंद पडली की ती तशीच ढकलून बाहेर काढावी. मामा आतूनच “एकदा मारून तर बघ” म्हणतील. मारू नये. साध्या विमा पॉलिसीत असं इंजिन बहुधा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम आधीच घ्यावं लागतं, आणि मामांचं कलम कुठल्याच पॉलिसीत नसतं.

डिझेलवाल्यांसाठी एक धार्मिक सूचना. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. ही गाळणी साठलेली काजळी स्वतःच जाळते, पण त्यासाठी गाडी सलग काही वेळ हमरस्त्याच्या वेगानं चालावी लागते. घर ते ऑफिस ते भाजी एवढंच फिरलं तर गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि गाडी रुसते. म्हणून महिन्यातून एकदा तिला एक्स्प्रेसवेवर न्यावं. घरी गाळणीचं सांगू नये. अक्कलकोटला जाऊन येऊ म्हणावं. सगळे लगेच तयार होतात, मामाही. पेट्रोलवाल्यांना हे पुण्य नाही, पण त्यांच्यातल्या ज्यांची गाडी कोरड्या दोन क्लचांच्या ऑटोमॅटिकची आहे त्यांनी चांदणी चौकात इंचाइंचानं सरकू नये. पुढे अंतर पडू द्यावं आणि एकदम जावं, नाहीतर क्लच तापतात आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरू लागते. अंतर पडू दिलं की त्यात तीन रिक्षा शिरतात. हे धरूनच चालावं.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘आवाज येतो’ असं मोघम बोलू नये. तसं बोललं की ‘सस्पेन्शन काढून बघावं लागेल’ हे उत्तर येतं, आणि काढलेली वस्तू मोकळ्या हातानं परत बसत नाही. मराठी भाषा आवाजांत श्रीमंत आहे, तिचा वापर करावा. छोट्या खड्ड्यांवरून जाताना खुटखुट: बहुधा लिंक रॉड, स्वस्तात सुटलात. गतिरोधकावर सावकाश चढताना कुईकुई: लोअर आर्मचे बुश. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर: चाकाचं बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण कापून वळताना टकटक: एक्सलचा जॉइंट. नुसती किणकिण येत असेल तर मागच्या दारातली सासूबाईंची फणेरपेटी बघावी. आवाज तोंडानं काढून दाखवण्याचं काम मामांकडे सोपवावं. ते इंजिन, बेअरिंग आणि मेकॅनिक तिघांची नक्कल करतात.

मग प्रश्न येतो, “कंपनीचा माल टाकू की लोकल?” कंपनीच्या आर्मचा भाव ऐकून आधी खाली बसायला जागा शोधावी. त्यानंतर पुणेकर नाना पेठेत जातो आणि मुंबईकर कुर्ल्याला. तिथे तीच वस्तू, तोच शिक्का, अर्धा भाव आणि ‘फक्त डबा वेगळा’ असं आश्वासन मिळतं. रबराचे बुश, फिल्टर, वायपर अशा वस्तू चांगल्या नावाच्या बाहेरच्या घ्यायला हरकत नाही. ब्रेक, कूलंट आणि गिअरचं तेल यांत काटकसर करू नये. विशेषतः कूलंट. या गाड्यांत पाण्याच्या वाटेवर प्लॅस्टिकचे जोड असतात, ते उष्णतेनं कडक होऊन तडकतात, आणि कूलंट कमी होतंय म्हणून नळाचं पाणी ओतत राहणारा माणूस खंबाटकीत बॉनेट उघडून उभा असलेला दिसतो. त्याच्या मागच्या सीटवर एसी का बंद झाला, याची चौकशी चालू असते.

छताचं कापड लोंबणं हा उन्हाळी आजार आहे. आतला फोम वाळून भुगा होतो आणि कापड डोक्यावर उतरतं. टाचण्या लावू नयेत, नवं चिकटवून घ्यावं. उंदरांसाठी तंबाखू, डांबरगोळ्या, फिनेल वगैरे सगळे उपाय करून बघावेत, म्हणजे वायरी कुरतडल्या तरी वासाची जोड मिळते.

लग्नसराईबद्दल सावध राहावं. मोठी गाडी घेतल्याचं पहिल्यांदा कळतं ते ज्यांच्या घरी मुलाचं लग्न ठरलंय त्यांना. ‘फक्त नवरदेवापुरती’ म्हणून गाडी मागतात. हारांना हरकत घेऊ नये, चिकटपट्टीला घ्यावी. एप्रिलच्या उन्हात दिवसभर तापलेली पट्टी काढताना बॉनेटवर पूर्वी पुन्हा मारलेला रंग असेल तर तो बरोबर येतो, आणि गाडी कधीतरी ठोकलेली होती हे तुम्हाला त्या दिवशी वरातीसमोर कळतं. नवरदेव कुठे बसतो हे सांगायला नको.

शेवटी विक्री. गिऱ्हाईक येतं, चालवून बघतो म्हणतं, आणि त्याच्याबरोबर आलेला मेहुणा पुढे डावीकडे बसतो. मग तुम्ही मागे. गाडी घेतल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. गुडघ्यांवर गार वारा येतो, पाय पसरतात, पाठ मागे रेलते. सहज हात लांबवता आणि ते बटण दाबलं जातं, मेहुणा डॅशबोर्डला टेकतो. इथवर ठीक आहे. पण सोसायटीबाहेरचा गतिरोधक येतो, ‘खर्रर्र’ होतं, आणि तोंडातून आपोआप निघायला बघतं, “खालून लागली वाटतं.” या वाक्याला पंचवीस हजार रुपये पडतात. तोंड मिटून खिडकीबाहेर बघावं.