फ्यूजऐवजी ‘काही होत नाही’ बसवणाऱ्या मिस्त्रींस

मिस्त्री,

तुम्ही आमच्या ट्रकमध्ये हजार वॅटचा इन्व्हर्टर बसवलात आणि त्याच्या पॉझिटिव्ह वायरीवर फ्यूज बसवला नाहीत. मी विचारलं, तेव्हा माझ्याऐवजी ड्रायव्हरकडे बघत म्हणालात, “ताई, काही होत नाही.” तुमच्या बिलात इन्व्हर्टरचे पैसे आहेत, वायरीचे आहेत, मजुरीचे आहेत. फ्यूजच्या जागी जे बसवलंत त्याचे मात्र लावले नाहीत. तर आता एवढंच सांगा: हे ‘काही होत नाही’ किती अँपिअरला तुटतं?

हे मी तुमच्या दुकानात येऊनही बोलू शकले असते. उघड लिहिते आहे, कारण हा प्रश्न तुमच्या एकट्याच्या दुकानाचा नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारापासून आग्रा रोडच्या शेवटच्या ढाब्यापर्यंत जिथे ट्रक थांबतात, तिथे वायरिंगच्या टपऱ्या आहेत. त्यांतले काही मिस्त्री चोख काम करतात, हे मी जाणते. बाकीच्यांचं काम तुमच्यासारखं आहे: टेप सुरेख गुंडाळलेली आणि टेपखाली नुसत्या पिळलेल्या तारा.

ट्रकमध्ये इन्व्हर्टर हवाच कशाला, असं म्हणून विषय उडवू नका. उरणला बंदराबाहेर कंटेनरच्या रांगेत गाडी तासन्‌तास उभी राहते. मे महिन्यात लोखंडी केबिनमध्ये माणूस पंख्याशिवाय झोपू शकत नाही, आणि न झोपलेला माणूस पहाटे घाट उतरवतो. 2025 मध्ये नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालगाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत. त्यांच्या ड्रायव्हरला पंखा, मोबाइल, भाताचा छोटा कुकर हे सगळं इन्व्हर्टरवरच चालवावं लागतं. म्हणजे तुमचं काम गरजेचं आहे. म्हणूनच ते नीट व्हायला हवं.

आता हिशेब. घरात 230 व्होल्टवर हजार वॅट चालवले की वायरीतून सव्वाचार अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, म्हणजे 24 व्होल्ट. तेच हजार वॅट 24 व्होल्टवर काढायचे तर 42 अँपिअर लागतात. इन्व्हर्टर आत थोडी वीज उष्णतेत घालवतो, ती धरली की आकडा पन्नासाच्या घरात जातो. बॅटरी उतरत गेली की व्होल्टेज पडतं आणि तेवढ्याच वॅटसाठी इन्व्हर्टर आणखी प्रवाह ओढतो. तुम्ही मात्र घरातल्या प्लगला वापरतात ती अडीच स्क्वेअर एमएमची वायर ओढलीत, कारण तीच दुकानात पडून होती. ती वायर वीस-पंचवीस अँपिअरची आहे. बॅटरी ते केबिन तीन मीटर आणि परत तीन मीटर धरा. त्या सहा मीटर तांब्यातून पन्नास अँपिअर गेले, तर निव्वळ वायरीत शंभर वॅटच्या वर उष्णता तयार होते. हीच वायर 25 स्क्वेअर एमएमची असती, तर उष्णता त्याच्या दहाव्या हिश्शावर आली असती. घरगुती वायरीचं पीव्हीसी आवरण 70 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असतं. तुम्ही ती बर्थच्या गादीखालून नेलीत. तिथे तिची उष्णता जायला वाटच नाही.

आणि फ्यूज. तो इन्व्हर्टर वाचवायला असतो असं तुम्ही ड्रायव्हरला सांगितलंत. चूक. फ्यूज वायर वाचवायला असतो, आणि त्या वायरीवर झोपलेल्या माणसाला. ट्रकची भरलेली बॅटरी थेट शॉर्ट झाली तर हजार अँपिअरच्या पुढे प्रवाह देऊ शकते. स्टार्टर फिरवायला शेकडो अँपिअर लागतात, ते देण्यासाठीच ती बनलेली असते. समोर स्टार्टर आहे की सोललेली वायर, हे तिला कळत नाही. ते कळणारी एकच वस्तू त्या रस्त्यावर असते, ती म्हणजे फ्यूज, आणि तोच तुम्ही वगळलात.

तुमचं दुसरं उत्तरही मला पाठ आहे: “इन्व्हर्टरच्या आत कंपनीचा फ्यूज आहे.” आहे ना. पण तो वायरीच्या दुसऱ्या टोकाला आहे. वायर मध्येच कुठे चेसीला टेकली, तर प्रवाह बॅटरीतून निघून तिथूनच चेसीत जाईल. इन्व्हर्टरच्या आतल्या फ्यूजपर्यंत तो पोहोचणारच नाही. राखणदार दिंडीदरवाज्यावर उभा करायचा असतो, माजघरात बसवून भागत नाही. म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली जेवढी वायर, तेवढी बिनराखणीची. ती शक्य तितकी आखूड ठेवायची, हा सगळ्या कामाचा पहिला नियम आहे.

हे कागदावरचं शहाणपण वाटत असेल, तर आमच्या गाडीत काय झालं ते ऐका. कसारा घाट चढून गाडी वर आली आणि ड्रायव्हरला जळका वास आला. त्याने इन्व्हर्टर बंद केला. धूर थांबला नाही. त्याने बॅटरीचा कटऑफ बंद केला. तरीही धूर थांबला नाही, कारण तुम्ही वायर कटऑफच्या अलीकडे, सरळ बॅटरीच्या टोकावर पिळली होतीत. शेवटी तो पाना घेऊन खाली उतरला आणि धुरात हात घालून त्याने बॅटरीचं टोक सोडवलं. त्याच्या तळहाताची कातडी सोलली गेली. केबिन वाचली ती त्याच्या हिमतीमुळे. त्या वेळी तो जागा होता म्हणून. बर्थवर झोपलेला असता तर काय, याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे.

वायर कुठे सोलली होती तेही सांगते. ट्रकची बॅटरी चेसीच्या बाजूला असते आणि इंजिनचं काम करायला केबिन पुढे कलते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तुम्ही वायर ताणून बांधलीत. ती पत्र्याला पाडलेल्या भोकातून नेलीत आणि भोकाच्या धारेला रबरी ग्रोमेट लावला नाहीत. गाडी हादरत राहिली, धार आवरण कापत राहिली. गॅरेजमध्ये केबिन उचलली तेव्हा ताण पडला आणि उरलंसुरलं आवरण फाटलं. केबिन जिथे कलते तिथे वायरीला ढील ठेवायची, सगळी लांबी फ्लेक्झिबल पाइपातून न्यायची, चेसीला क्लँपने बांधायची आणि सायलेन्सरपासून लांब ठेवायची. याला इंजिनिअर लागत नाही. काळजी लागते.

मग नीट काम कसं करायचं? तुम्हाला ते ठाऊक नाही असं मी मानत नाही, तरी लिहिते. म्हणजे पुढच्या वेळी ‘कोणी सांगितलंच नाही’ असं म्हणता येणार नाही. इन्व्हर्टरची पुस्तिका काय म्हणते ते आधी वाचायचं, कारण केबल आणि फ्यूजचा आकडा तिच्यात दिलेला असतो. पुस्तिका नसेल तर गणित करायचं: 24 व्होल्टवर हजार वॅट म्हणजे, इन्व्हर्टरमधली घट धरून, पन्नास अँपिअर. त्यावर चौथाई वाढ धरली की बासष्ट-त्रेसष्ट होतात, मग त्याच्या वरचा, बाजारात मिळणारा 70 अँपिअरचा फ्यूज. केबल मात्र त्या फ्यूजपेक्षा दणकट हवी, इंजिनजवळची गरमी धरूनही. म्हणून 25 स्क्वेअर एमएमची, शुद्ध तांब्याची. वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम अशी स्वस्त केबल नको. टोकांना योग्य मापाची थिंबल घेऊन क्रिम्पिंग मशिनने दाबायची, हातोडीने नाही. सैल जोडावर प्रतिकार वाढतो, तो जोड तापतो, आणि तेव्हा प्रवाह वाढलेला नसल्यामुळे फ्यूजसुद्धा तुटत नाही. म्हणजे तुमच्या पिळलेल्या जोडाला फ्यूजचाही इलाज नाही.

उलटी चूकही करू नका. आमच्या तक्रारीनंतर तुम्ही म्हणालात, “आणा, त्याच वायरीवर सत्तरचा फ्यूज टाकून देतो.” अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरीवर सत्तरचा फ्यूज बसवला, तर पन्नास अँपिअरला वायर भाजत राहील आणि फ्यूज शाबूत राहील. फ्यूजचा आकडा वायर सोसते त्याच्या आत असला, तरच तो फ्यूज.

फ्यूज उडाला की त्या जागी तांब्याच्या चार तारा वळून घालणं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, हेही तुमच्याच दुकानातून शिकलेलं ज्ञान ड्रायव्हर पुढे नेतात. उडालेला फ्यूज ही तक्रार असते. आधी कारण शोधायचं, मग त्याच आकड्याचा नवा बसवायचा. घरची एमसीबी काढून इथे लावणंही बंद करा. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तोडताना पडलेली ठिणगी विझायला मदत होते. बॅटरीचा डीसी शून्यावर येतच नाही. जिच्यावर डीसीचं व्होल्टेज आणि शॉर्ट तोडण्याची क्षमता छापलेली नाही, ती वस्तू या जागी बसवायची नाही.

आणखी एक खोड. 24 व्होल्टचा इन्व्हर्टर महाग पडतो म्हणून 12 व्होल्टचा घेऊन तो दोनपैकी एकाच बॅटरीवर जोडता. त्याने प्रवाह दुप्पट होतो, म्हणजे हजार वॅटला शंभर अँपिअरच्या आसपास. त्याच वायरीत उष्णता चौपट. शिवाय अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना एकत्र चार्ज करतो. जी तुम्ही ओरबाडता ती अर्धवट भरते, दुसरी जास्त भरून पाणी उकळते, आणि दोन्ही लवकर मरतात. मग मालकाला तुम्हीच सांगता की बॅटरीची कंपनी खराब.

बॅटरीच्या पेटीतच इन्व्हर्टर ठेवू नका. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि इन्व्हर्टर जोडताना टोकावर ठिणगी पडते. गादीच्या ढिगाखालीही तो कोंबू नका, त्याला वारा लागतो. त्याची धातूची बॉडी जाड तारेने चेसीला जोडा, कारण त्याच्या दुसऱ्या बाजूला 230 व्होल्ट आहेत आणि केबिन सगळी धातूची आहे. काम सुरू करताना निगेटिव्ह आधी सोडवा आणि शेवटी जोडा. आणि ड्रायव्हरला खरं सांगा: 24 व्होल्टचे बरेच इन्व्हर्टर बॅटरी 20-21 व्होल्टवर आल्यावर बंद होतात, तोवर गाडी स्टार्ट होण्याइतका जीव तिच्यात उरलेला नसतो. रात्रभर कुकर चालवायचा असेल तर वेगळी बॅटरी लागेल, हे बोलायला लाजू नका.

तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईकच स्वस्त मागतं. खरं आहे, मालक पैसे वाचवतात, मीही भाव केला असता. पण जाड केबल परवडत नसेल तर कमी वॅटचा इन्व्हर्टर बसवा, किंवा काम नाकारा. पातळ वायर देऊन ‘काही होत नाही’ म्हणायचा हक्क कुठल्याही भावात मिळत नाही. तुम्ही पैसे मालकाचे वाचवता आणि धोका ड्रायव्हरच्या अंगावर घालता. त्याला त्या सौद्यात कोणी विचारलेलं नसतं.

माझी मागणी साधी आहे. यापुढे ज्या गाडीत इन्व्हर्टर बसवाल, तिच्या बिलावर चार गोष्टी लिहा: केबल किती स्क्वेअर एमएमची, फ्यूज किती अँपिअरचा, तो बॅटरीपासून किती अंतरावर, आणि खाली तुमची सही. बिल ड्रायव्हरच्या हातात द्या, कारण त्या वायरीवर तोच झोपणार आहे. मालकांना आणि ड्रायव्हरांनाही माझं सांगणं आहे की ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय मजुरीचे पैसे देऊ नका.

आमच्या गाडीचं काम दुसऱ्या मिस्त्रीने नव्याने केलं. तुमची जुनी वायर मी जपून ठेवली आहे, हवी तर येऊन बघा. आणि तुमच्या हातून ज्या गाड्या याआधी गेल्या, त्यांच्या मालकांना आजच फोन करा. त्या वायरी अजून गादीखाली आहेत.

– एक ट्रकमालकीण