डाएटअण्णा

हुबळीत सकाळी सहाला नृपतुंग बेट्टावर गेलात, तर डाएटअण्णा तुम्हाला गाठणारच. ते स्वतः फारसे चालत नाहीत, चालणाऱ्यांना थांबवतात. "आयसीएमआर काय म्हणतंय? किलोमागं 0.83 ग्रॅम प्रोटीन. तुमचं वजन किती? सत्तर? म्हणजे अठ्ठावन्न ग्रॅम झालं. सकाळी काय खाल्लात?" समोरच्यानं "इडली" म्हटलं की अण्णा डोळे मिटून घेतात. सुतक लागल्यासारखे.

2023 हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून पाळलं आणि अण्णांना घरातली ज्वारी दिसली. जन्मभर भाकऱ्या थापत आलेल्या वहिनींना ते आता ज्वारीचे गुण समजावतात. "यात फायबर असतं गं."

"असू दे. गार व्हायच्या आत खावा."

संध्याकाळी मात्र अण्णा दुर्गदबैलात. दिवसभराची बाजारपेठ अंधार पडायला लागला की खाण्याच्या गाड्यांची होते, आणि तिथं अण्णांच्या विद्वत्तेला खरी धार चढते. लोक चोरून खातात, अण्णा पुराव्यानिशी खातात. गिरमिट म्हणजे काय? चुरमुरे हलके, कांदा कच्चा, चिंच-गुळाचा गोज्जू पाचक, आणि वर भुरभुरलेलं डाळ्याचं पीठ, म्हणजे प्रोटीन! मिरची भजी? "सी जीवनसत्त्व. लिंबापेक्षा जास्त." हिरव्या मिरचीत ते असतं हे खरंच, पण उकळत्या तेलातून त्यातलं किती जिवंत बाहेर येतं, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. तोवर अण्णांनी माझ्या ताटलीतली मिरचीही आरोग्याच्या नावानं उचलली होती. "बेसन आहे, डाळच ती!"

शेजारी कुणी पावभाजीवर लोणी घालून घेतलं की अण्णा कळवळतात. "बघा, लोकांना शिस्त नाही." स्वतःबद्दल त्यांचं मत असं की सगळा खेळ माइंडसेटचा आहे. खाताना मनात अपराधी भाव आणला की चरबी धरते. अण्णांच्या मनात तो कधीच आलेला नाही. तरी पोट कसं आलं, कोण जाणे.

रक्ततपासणी आली की अण्णा आदले दोन दिवस दुर्गदबैलाकडं फिरकत नाहीत. भाकरी, पालेभाजी, ताक. उपाशीपोटीची साखर मग शहाण्यासारखी वागायची आणि अण्णा तो कागद बेट्टावर सगळ्यांना दाखवायचे. यंदा डॉक्टरांनी एचबीएवनसी लिहून दिली. या तपासणीला दोन दिवसांच्या ताकाशी देणंघेणं नसतं, ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी काढते. म्हणजे सगळे गाडे एकदम कागदावर उतरले.

"मग आता तपासणीआधी तीन महिने मिरची बंद?" मी विचारलं.

"छे! एवढी सारखी तपासणी करायचीच कशाला? वर्षातनं एकदा पुरे." अण्णांनी गाडेवाल्याला दोन बोटं दाखवली. "एरडु कोडी. आणि ह्यांना एकच द्या, ह्यांचं वजन वाढायलंय."