फरक कळला का?

प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच, तुमच्याकडेही असणार. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत तो मान नानांकडे आहे. नाना बँकेतून निवृत्त झाले आणि गच्चीवर चढले. तेव्हापासून ते खाली उतरतात ते वाटप करायला. वाटप म्हणजे एक मिरची. फार तर दोन भेंड्या. सणवार असेल तर वांगं.

बेल वाजते. दारात नाना, पुढे केलेल्या तळहातावर मिरची, देठासकट. "घरची आहे. विषमुक्त." आपण "अरे वा" म्हणून दार लावतो. नवखा भाडेकरू इथेच फसतो. त्याला वाटतं, प्रकरण मिटलं. संध्याकाळी पुन्हा बेल वाजते.

"काय, फरक कळला का?"

आता ती मिरची घरातल्या चार विकतच्या मिरच्यांबरोबर फोडणीत पडलेली असते. त्यातून हिचा फरक वेगळा काढायचा कसा? पण सोसायटी सराईत झाली आहे. तळमजल्यावरच्या आजी "माहेरच्या मळ्याची आठवण झाली हो" म्हणतात. त्यांचं माहेर गिरगावातल्या चाळीत. दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर "अ‍ॅसिडिटी अजिबात नाही" असा दाखला देतात. आमची ही नुसते डोळे मिटते आणि "सुगंध!" म्हणते. एका भाडेकरू मुलाने मात्र "नाही कळला, काका" असं सांगून टाकलं. नानांनी ते मनावर घेतलं. रासायनिक खतांनी पोराची जीभ मेली आहे असं निदान करून त्याला महिनाभर रोज एक भेंडी चालू केली. तिसऱ्या आठवड्यात पोरगा खोली सोडून गेला. तेव्हापासून आमच्याकडे फरक सगळ्यांना कळतो.

नानांशी वाद घालायची सोय नाही, कारण त्यांच्या पाठीशी शास्त्र आहे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हा मूळचा गणिताचा माणूस. 'प्रयोग परिवार' उभा करून त्यांनी दाखवलं की पालापाचोळा, माती, पाणी आणि पानावर पडणारं ऊन यांचा हिशेब जमला तर थोड्या जागेतही घरापुरतं पिकतं. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' नानांच्या उशाशी असतं. नाना गच्चीवरचं ऊन मोजतात आणि मध्ये कोणाची साडी वाळत असेल तर साडी सरकवतात. त्यांच्या सृष्टीत सध्या विपुल आहे तो मावा, त्याच्या खालोखाल पिठ्या ढेकूण. पण ते बोलून दाखवायची आमची प्राज्ञा नाही.

मध्यंतरी जीवामृत झालं. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांची कृती एकराला २०० लिटरची: १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. नानांनी त्रैराशिक मांडून ती कुंड्यांवर आणली. बेसन त्यात गेल्यामुळे नानींनी पिठल्याचा बेत रद्द केला. बांध नसल्यामुळे माती कंपाउंडच्या भिंतीलगतची घेतली. गोमूत्राचा कॅन लिफ्टमधून वर गेला आणि तिसऱ्या मजल्यावर हिंदकळला. त्या दिवशी फरक सगळ्यांना न विचारताच कळला.

दुधीचं प्रकरण त्याहून नाजूक. दुधीला नर फुलं वेगळी, मादी वेगळी. मादी फुलाच्या मागे बोटाएवढा दुधी आधीच लागलेला असतो. फुलं उमलतात तिन्हीसांजेला, आणि पाचव्या मजल्यावर त्या वेळी किडा म्हणून फिरकत नाही. मग नर फूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या मागे सारायच्या आणि पराग मादी फुलाला हलकेच टेकवायचे, हे काम नानांच्या गळ्यात. त्या दिवसांत नाना कोणाच्या रिसेप्शनला जात नसत. "आमच्याकडेच मुहूर्त आहे," म्हणायचे. बरेच छोटे दुधी पिवळे पडून गळाले आणि अखेर एक धरला. नानांनी त्याला जुन्या बनियनचं शिंकाळं बांधलं आणि कॅनडातल्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला. "बघ, फरक कळतोय ना?" मुलगा तिकडे ऑफिसला निघाला होता. बुटाच्या नाड्या बांधता बांधता "हो बाबा" म्हणाला. नानांना तेवढं पुरलं.

सोसायटीने त्यांना पत्रही दिलं होतं: गच्चीतून पाणी मुरतंय, कुंड्या हटवा. सर्वसाधारण सभेत त्यावर लिफ्टच्या खर्चापेक्षा जास्त वेळ चर्चा झाली. शेवटी गळती निघाली टाकीच्या पाइपाची. तरीही नाना गच्चीचे गुन्हेगार ते गुन्हेगारच राहिले. मग आला २०२३ चा जुलै. टोमॅटो किलोला शंभरावर गेला. पत्रावर सही करणारे सेक्रेटरी जिन्यात थांबून नानांच्या गुडघ्याची चौकशी करू लागले. नेमका तेव्हाच नानांच्या टोमॅटोवर बोकड्या आला, पानं चुरगळली, हाती लागले चार टोमॅटो. नानांनी ते चिरून घराघरांत वाटले. संध्याकाळी बेल वाजली तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सोसायटीने मनापासून उत्तर दिलं.

त्याच्या दोनच महिने आधी नाशिककडे भाव नाही म्हणून शेतकऱ्यांनी हाच टोमॅटो रस्त्यावर ओतला होता. त्या जुलैत ही गोष्ट नानांखेरीज कोणाला आठवली नाही. नानांना का आठवावी, याचं कारण आमच्या फाटकाशी बसतं.

फाटकाशी सासवडकडची एक भाजीवाली बसते. नाना पूर्वी तिच्याशी इतरांसारखीच घासाघीस करायचे. पावशेर मटार घेतले की कोथिंबीर फुकट मिळालीच पाहिजे, हा त्यांचा बाणा. कुंडी, कोकोपीट, शेणखत, कडुनिंबाचं तेल धरून आपलं एक वांगं कितीला पडतं हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. बँकेतला माणूस; हिशेब ठेवतो, उघड करत नाही. एकदा त्यांनी तिच्यापुढेही भेंडी धरली. "मावशी, खाऊन बघ. फरक कळेल."

मावशीने ती खाल्ली नाही. डाव्या हातात धरली आणि उजव्या अंगठ्याने शेंडा मोडायला गेली. शेंडा मोडेना. वाकला आणि दोऱ्यावर लोंबत राहिला.

"कळला की," ती म्हणाली. "जून झालीया. परवाच तोडाया पायजे व्हती. झाडावर मिरवाया ठेवलीती व्हय?"

नाना गप्प. खरंच मिरवायला ठेवली होती. रविवारी बाग बघायला पाहुणे यायचे होते.

दुसरा कोणी असता तर त्याने फाटक बदललं असतं. नाना दुसऱ्या दिवशी वही घेऊन तिच्याशेजारी उकिडवे बसले. भेंडी दिवसाआड तोडावी, मेथीला वरून धबाधबा पाणी घालू नये, वेलाचा मांडव वारा कुठून येतो ते बघून बांधावा, हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. पुढे वळवाच्या पावसात गारा पडल्या आणि त्यांचा दोडक्याचा मांडव फुलोऱ्यासकट झोपला. नाना भिजलेल्या चपलांनी तसेच खाली आले. आम्हाला वाटलं, आता तासभर मांडवपुराण. पण ते सरळ मावशीपाशी गेले. "मावशी, तुमच्याकडे किती पडल्या?" त्यांचा एक मांडव गेला होता, तिचा अर्धा एकर. त्या दिवशी नानांनी कोणाला काही वाटलं नाही आणि काही विचारलंही नाही.

आजही ते आहेत तसेच त्रासदायक आहेत. परवा सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांनी तीर्थात स्वतःची तुळस घातली आणि गुरुजींना फरक विचारला. पण भाजीचा भाव ऐकून "लुटतात लेकाचे" न म्हणणारा आमच्या अख्ख्या इमारतीत हा एकच माणूस आहे, हे नाइलाजाने नोंदवावं लागतं.

तेव्हा तुमच्या सोसायटीतले नाना मिरची घेऊन दारात उभे राहिले तर ती मुकाट घ्या. संध्याकाळी विचारतील तेव्हा फरक कळला म्हणा. नाही म्हणालात तर महिनाभराची भेंडी ठरलेली. आणि फाटकाशी कोथिंबीर घ्याल तेव्हा तिचे पैसे द्या.