चोर दिसतो, चेहरा दिसत नाही

गृहनिर्माण सोसायटीत कॅमेरे चोरीनंतर बसतात. चोरीच्या आदल्या दिवशी तो खर्च उधळपट्टीत मोडतो आणि दुसऱ्या दिवशी तोच दिरंगाईत. पहिली चोरी बहुधा जिन्याखालच्या सायकलची असते. ती सायकल दोन वर्षे पंक्चर होती आणि मालकालाही ती कुणीतरी उचलून न्यावी असेच वाटत होते, हे विशेष सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात येत नाही. इतिवृत्तात येते ते एवढेच, की 'आठ मेगापिक्सलचे सोळा कॅमेरे, नाइट व्हिजनसह' बसवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. मग तीन कोटेशने मागवली जातात. तिन्ही वेगवेगळ्या लेटरहेडवर असतात आणि तिन्हींत 'सर्व्हेलन्स' या शब्दाचे स्पेलिंग एकाच अक्षरावर चुकलेले असते.

नेटवर्कवरच्या कॅमेऱ्याचा उगम मात्र चोरीत नाही, कॉफीत आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली संशोधकांनी कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावला. जिने तुडवत जावे आणि भांडे रिकामे निघावे, हा ताप त्यांना नकोसा झाला होता. चित्र १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचे, तेही करडे. १९९३ मध्ये ते इंटरनेटवर गेले आणि जगभरातली माणसे परक्यांची कॉफी बघत बसली. थेट नेटवर्कला जोडता येणारा पहिला कॅमेरा स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीने १९९६ साली विक्रीला आणला. पूर्ण आकाराचे एक चित्र पाठवायला त्याला १७ सेकंद लागत. तेवढ्यात पंक्चर सायकलसुद्धा गेटबाहेर ढकलत नेता येते.

केंब्रिजच्या कॅमेऱ्याकडे आठ मेगापिक्सल नव्हते, पण प्रश्न होता: भांड्यात कॉफी आहे का? निवडीचे सगळे शास्त्र इथून सुरू होते. गेटवरच्या कॅमेऱ्याने सांगायचे, आत आला तो कोण. पार्किंगमधल्याने सांगायचे, गाडीला गाडी कुणी घासली. गच्चीवरच्याने सांगायचे, टाकीचे झाकण बंद आहे की नाही. सोसायटीची मागणी एवढी क्षुद्र नसते. 'सगळं दिसलं पाहिजे' हे कमिटीचे वाक्य कोटेशन देणाराही वहीत लिहून घेतो, कारण त्याला तेच सोपे जाते. सगळे दिसण्यासाठी लावलेल्या कॅमेऱ्यात खरोखरच सगळे दिसते. चोर आला, हे दिसते. तो घाईत नव्हता, हेही दिसते.

चेहरा का दिसत नाही, याचा हिशेब इयत्ता सातवीच्या पलीकडचा नाही. युरोपीय मानकानुसार अनोळखी माणसाची ओळख पटवायची, तर त्याच्या जागेवर चित्रात मीटरमागे २५० पिक्सल पडायला हवेत. रोज दिसणारा माणूस १२५ मध्येही ओळखू येतो. दोन मेगापिक्सलच्या कॅमेऱ्यात आडवे १,९२० पिक्सल असतात. त्याला २५० ने भागले, की साडेसात मीटरच्या आसपास रुंदी येते. सोसायट्यांत सर्रास बसते ती २.८ मिलिमीटरची लेन्स शंभर अंशांहून जास्त कवेत घेते, म्हणजे तेवढी रुंदी ती तीन मीटरवरच व्यापते. त्यापुढे उभा असलेला इसम 'मध्यम बांध्याचा पुरुष, बहुधा' या वर्णनात बसतो. तिथे आठ मेगापिक्सलचा कॅमेरा लावला तर पिक्सल चौपट होतात, अंतर मात्र दुप्पट: सहा मीटर. उलट त्याच दोन मेगापिक्सलच्या कॅमेऱ्याला १२ मिलिमीटरची लेन्स दिली, तर पंधरा मीटरवरचा चेहराही हाती लागतो. फक्त आजूबाजूचा बगीचा दिसत नाही. सभेत मेगापिक्सलवर पाऊण तास चर्चा होते. लेन्सचा आकडा कोटेशनमध्ये 'वायरिंग व इतर' च्या वर बारीक अक्षरात असतो आणि त्यावर कुणी बोट ठेवल्याची नोंद नाही.

उंचीचा प्रश्न वेगळाच. कॅमेरा चोरीला जाऊ नये म्हणून तो पंधरा फुटांवर, स्लॅबच्या पोटाशी बसवतात. तिथून खाली पाहिले, की माणसाचे डोके तेवढे दिसते. वर्षभरात सोसायटीकडे सर्व सभासदांच्या टकलांचा तारीखवार संग्रह तयार होतो. चेहरा हवा असेल तर एक कॅमेरा आठ-नऊ फुटांवर, येणाऱ्याच्या समोरासमोर लागतो. तो लावायला जागा नसते. तिथे 'फेरीवाल्यांना सक्त मनाई' ची पाटी असते.

रात्र झाली की 'नाइट व्हिजन' कामाला लागते. कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे पेटतात, चित्र काळेपांढरे होते आणि सगळे शर्ट एकाच रंगाचे दिसू लागतात. गेटमधून गाडी आत वळते, हेडलाइट लेन्सवर येतो, नंबरप्लेट पांढरीशुभ्र होते. नंबरप्लेट हे वेगळ्या कॅमेऱ्याचे काम आहे. त्याला अरुंद लेन्स आणि वेगवान शटर लागते. एकच कॅमेरा चेहरा, नंबर आणि बगीचा तिन्ही दाखवील, ही अपेक्षा एकाच वॉचमनकडून मोटर, कुरिअर आणि कचरा सांभाळून घेण्याच्या परंपरेतून आलेली आहे. दिवसा अंधाऱ्या पार्किंगमधून उजेडाच्या गेटकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्यात माणसाची नुसती सावली येते. त्यासाठी डब्ल्यूडीआर नावाची सोय असते, बहुतेक वेळा ती कॅमेऱ्यात आलेलीही असते, फक्त सुरू केलेली नसते. राहता राहिला कोळी. तो लेन्सच्या तोंडाशी जाळे विणतो, जाळ्यावर इन्फ्रारेड पडते आणि रात्री दोन वाजता सेक्रेटरींच्या मोबाइलवर 'हालचाल आढळली' अशी सूचना येते. पहिल्या आठवड्यात ते उठून बघतात.

'आयपी' या दोन अक्षरांनी कमिटीचा बराच वेळ घेतलेला आहे. आयपी कॅमेऱ्यातला आयपी नेटवर्कचा. खोक्यावरच्या 'आयपी ६६' मधला आयपी धूळपाण्याचा: पहिला सहा म्हणजे धूळ अजिबात आत नाही, दुसरा सहा म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा सोसेल. ६७ म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालेल. खजिनदारांनी ६७ मागितला, कारण एकाने जास्त. प्रत्यक्षात पावसाळ्यात कॅमेरा मरत नाही, त्याच्या मागचा जोड मरतो. तो जोड डब्यात न घालता काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेला असतो आणि त्या चिकटपट्टीला कोणतेच मानक लागू नाही.

केबलबद्दल कुणी काही विचारत नाही, म्हणून फसवणूक तिथेच सर्वांत सुबक होते. जुन्या पद्धतीत कॅमेऱ्यापासून डीव्हीआर नावाच्या रेकॉर्डरपर्यंत कोअ‍ॅक्सियल तार आणि विजेची वेगळी जोडणी असते. आयपी पद्धतीत एकच कॅट-सिक्स केबल चित्रही नेते आणि वीजही. केबलमधून वीज नेण्याच्या २००३ च्या पहिल्या मानकात एका पोर्टमागे १५.४ वॅट, एवढ्यात साधा कॅमेरा आरामात चालतो. टोकाला रेकॉर्डर असतो तो एनव्हीआर, पण सोसायटीत दोघांनाही डीव्हीआरच म्हणतात. केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे मध्ये स्विच घालावा लागतो, तो लिफ्टच्या खोलीत ठेवतात, आणि लिफ्टवाला त्याचा प्लग काढून स्वतःचा ड्रिल लावतो. खरी गंमत तारेच्या आत आहे. केबलचे टोक ब्लेडने खरवडावे. आतपर्यंत लालसर निघाले तर तांबे. वरचा लाल मुलामा जाऊन खाली पांढरे चमकले तर अ‍ॅल्युमिनियम. अशी तार लांबवर वीज नेताना दमते आणि कॅमेरा नेमका रात्री, इन्फ्रारेड दिवे पेटले की, बंद पडतो. बिलात मात्र 'कॅट-सिक्स, उत्तम प्रतीची' असते. आठ फ्लॅटच्या इमारतीत जुनी कोअ‍ॅक्सियल तार धडधाकट असेल तर डीव्हीआरच बदलून घ्यावा, हा सल्ला योग्य आहे. त्यात मिळकत कमी असल्याने तो कोणत्याही कोटेशनमध्ये नसतो.

रेकॉर्डर निवडताना 'सोळा चॅनेल' एवढेच पाहिले जाते. सोळा तारा मागे खोचता येतात याचा अर्थ सोळाही चित्रे पूर्ण आकारात एकाच वेळी झेपतात असा नाही. ते खोक्यावर वेगळ्या आकड्यात लिहिलेले असते. एका कंपनीचा कॅमेरा दुसरीच्या रेकॉर्डरवर चालावा म्हणून अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ऑनव्हिफ ही व्यवस्था सुरू केली. तिच्यामुळे चित्र दिसते, पण हालचालीच्या सूचना आणि इतर नखरे दिसतीलच असे नाही.

आता हार्ड डिस्क. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला ४३ गिगाबाइट होतात, सोळा कॅमेऱ्यांचे ६९१. कोटेशनमधली ४ टेराबाइटची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. सहाव्या दिवशी रेकॉर्डर पहिला दिवस पुसून त्यावर लिहू लागतो. तीस दिवस ठेवायचे तर वीस टेराबाइटच्या वर जागा लागते. चित्र आकसून साठवण्याची एच.२६४ ऐवजी एच.२६५ पद्धत वापरली तर जवळपास निम्म्यात भागते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांतले चित्रीकरण अठरा महिने ठेवायला सांगितले होते. सोसायटीला एवढा काळ कुणी सांगितलेला नाही. पण सभासद लग्नाला गावी जातो, नवव्या दिवशी परततो, दहाव्या दिवशी सायकल नाही हे त्याच्या लक्षात येते आणि अकराव्या दिवशी तो अर्ज देतो. तोवर सायकल नेणाऱ्याच्या जागी रेकॉर्डरमध्ये दूधवाला आलेला असतो. त्यात डिस्क कोणती, हेही पाहायचे असते. देखरेखीसाठीच्या डिस्क चोवीस तास लिहीत राहण्यासाठी बनवलेल्या असतात; स्वस्त कोटेशनमधली डिस्क एखाद्या निवृत्त संगणकातून आलेली असते आणि तिला विश्रांतीची सवय असते.

रेकॉर्डर ठेवायचा कुठे? वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवला तर चोर जाताना तोही नेतो, आणि पुरावा आरोपीच्याच ताब्यात सुरक्षित राहतो. म्हणून तो ऑफिसात, कुलूपबंद कपाटात ठेवावा. किल्ली खजिनदारांकडे असते. खजिनदार मुलीकडे न्यू जर्सीला असतात.

पासवर्डचा प्रश्न बसवणाऱ्या मुलाने पहिल्याच दिवशी सोडवलेला असतो. शहरातल्या सर्व सोसायट्यांना तो एकच पासवर्ड देतो, म्हणजे विसरायला नको. कारखान्यातून आलेले नाव आणि आकडे तसेच ठेवण्याची चाल तर जागतिक आहे. अशी साठेक नावे आणि पासवर्ड आळीपाळीने वापरून 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने २०१६ मध्ये लाखभराहून जास्त कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांच्या माऱ्याने अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्स काही तास मिळेनासे झाले. भारतात ९ एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षिततेच्या ठरावीक चाचण्या सक्तीच्या झाल्या. चाचणी कॅमेऱ्याची होते, सेक्रेटरींच्या डायरीची होत नाही, आणि पासवर्ड डायरीच्या पहिल्या पानावर असतो. शिवाय अ‍ॅप सर्वांच्या मोबाइलवर हवे, अशी सूचना सभेत येतेच. ते दिले की चोर कुणी बघत नाही. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी किती वाजता आली हे चाळीस जण बघतात. म्हणून चित्र पाहण्याचा अधिकार दोघांना आणि पाहिल्याची नोंद वहीत, हा नियम मुळातच करून ठेवायला हवा. तो नियम मांडणाऱ्या सभासदाला 'तुम्हाला काय लपवायचंय?' असे विचारले जाते.

घड्याळ ही रेकॉर्डरमधली सर्वांत स्वस्त गोष्ट. त्यातला बटणासारखा सेल संपला आणि वीज गेली, की पडद्यावर १ जानेवारी २००० उगवतो. मग इमारत बांधण्याआधीच तिच्यातून सायकल चोरीला गेलेली असते. रेकॉर्डर इंटरनेटवरून वेळ जुळवून घेऊ शकतो; त्यासाठी एका चौकोनात खूण करावी लागते. वेळेवरून केवढा वाद होतो हे जालन्याने पाहिले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचे होते. पुरावा म्हणून चित्रीकरणासोबत लागणारे प्रमाणपत्र मागूनही मिळत नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल तर नकलेसोबत प्रमाणपत्र हवेच, असा निकाल जुलै २०२० मध्ये आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्या प्रमाणपत्रात फाइलची ओळख पटवणारा हॅश आकडाही लिहावा लागतो. सोसायटीत पुरावा काढण्याची रीत निराळी आहे. मॉनिटरवर चित्र लावायचे, समोर मोबाइल धरून त्याचे शूटिंग करायचे आणि ते ग्रुपवर टाकायचे. त्यात चोर अंधूक दिसतो. मॉनिटरच्या काचेत शूटिंग करणारे सेक्रेटरी मात्र बनियनसकट स्पष्ट दिसतात.

शेवटचा कागद वार्षिक देखभालीच्या कराराचा. त्यात दर तीन महिन्यांनी लेन्स पुसणे, जाळी काढणे, सोळाही कॅमेऱ्यांचे जुने चित्रीकरण उघडून पाहणे आणि घड्याळ जुळवणे आलेले असते. डिस्क, अडॅप्टर आणि उंदराने कुरतडलेली केबल त्यातून वगळलेली असते. पंधरा फुटांवर पोचण्यासाठी लागणारी शिडी सोसायटीने पुरवायची असते, तसे कलमच असते. सोसायटी शिडी विकत घेते आणि जिन्याखाली, सायकल असायची त्या जागी, उभी करून ठेवते. तो कोपरा सोळांपैकी एकाही कॅमेऱ्यात येत नाही.