दशावतार : वेळ ४० मिनिटे

प्रति,
मा. सहल-व्यवस्थापक यांस,


‘कलासंपन्न तळकोकण : ३ रात्री, ४ दिवस’ या आपल्या सहलीहून मी, आसन क्रमांक १७, सुखरूप घरी परतलो. परतीच्या वाटेवर आपण जो अभिप्रायाचा कागद वाटलात त्यात जेवण, निवास, गाडी आणि स्वच्छतागृह यांना गुण द्यायचे होते. कलेसाठी रकाना नव्हता. तेवढी उणीव या पत्रातून भरून काढतो.

पहिले आभार आंबोलीचे. पावसाळ्यात ज्या कातळावरून धबधबा कोसळतो तो कातळ आपण आम्हांला डिसेंबरात, ठणठणीत कोरडा असताना, २० मिनिटं दाखवलात. बॅनर धरून ३८ जणांचा फोटोही झाला. दुसऱ्या दिवशी पिंगुळीला बाहुल्यांच्या वाट्याला नेमकी हीच २० मिनिटं आली, यावरून त्या कातळाचं नशीब कळावं.

पिंगुळी हे कुडाळजवळचं गाव. तिथले ठाकर कलावंत चित्रकथी सांगतात, कळसूत्री बाहुल्या नाचवतात, चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर खेळवतात. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी आपल्या गोठ्यात या सगळ्याचं संग्रहालय मांडलं आहे. ही माहिती मी घरी आल्यावर वाचून काढली, कारण गाडीत त्या वेळी आपण हाऊजी घेत होतात आणि मला दोनच आकडे हवे होते.

चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांची चळत. एकेक चित्र समोर उभं करायचं, वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने त्यातली कथा गायची, मग पुढचं चित्र. आमच्यासाठी गाणाऱ्याने जेमतेम तिसरं चित्र लावलं, तोच आमच्यातल्या एका काकांनी विचारलं, “यातलं एखादं सुटं मिळेल का? हॉलमध्ये लावायला.” विक्रीसाठी वेगळी काढलेली चित्रं पुढे आली. काकांनी सीताहरण घेतलं. गेला महिनाभर त्यांच्या सोफ्याच्या वर, भिंतीवर, रावण सीतेला उचलून नेतो आहे. सोडवायला कुणी येणार नाही, कारण लंका पिंगुळीतच राहिली.

मग बाहुल्या. त्या रंगात आल्या आणि मागून आपली शिट्टी वाजली. आम्ही ३८ जण एकदम उठलो, वळलो, रांगेत गाडीकडे निघालो. बाहुल्या नाचवणाऱ्याने हात थांबवून आमच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एका कारागिराला दुसऱ्याच्या हातोटीचं वाटावं तसं कौतुक होतं.

सावंतवाडीला मात्र आपण सढळ हाताने वेळ दिलात. चितार आळीत पाऊण तास! पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची केळी, वांगी, सीताफळं आम्ही टोपल्याच्या टोपल्या उचलली आणि खऱ्या फळांना करतो तशीच घासाघीस केली. मीही केली. लाकडी मिरचीचे दहा रुपये कमी करून घेतले आणि तो विजय गाडीत तिघांना सांगितला.

राजवाड्यात गंजिफा पाहिल्या. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी १२ असे १२० पत्ते. आकड्यांच्या पत्त्यांत पाच अवतारांत एक्का मोठा, तर पाचांत दश्शी. ही कला विझायला आली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी हात अजून चालत असलेल्या एका वृद्ध चिताऱ्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा उभी केली. आमच्यापैकी सहा जणांनी संच घेतले. खेळायचं कसं, हे एकानेही विचारलं नाही. मी पुढे शोधून काढलं, तर त्या खेळात एक गंमत निघाली : दिवसा खेळायला बसलात तर उतारी रामाच्या राजाने करायची, रात्री बसलात तर कृष्णाच्या. म्हणजे सावंतवाडीच्या पत्त्यांनासुद्धा दिवस कुठला आणि रात्र कुठली हे ठाऊक आहे. आपल्या वेळापत्रकाला नाही.

कारण दशावतार आपण संध्याकाळी साडेसहाला लावलात. रिसॉर्टच्या हिरवळीवर, चहा आणि जेवण यांच्या मध्ये. पत्रकात तो ‘स्वागतपेय व लोककला मोफत’ असा कोकम सरबताच्या ओळीत बसला होता. जत्रेतलं हे नाटक पालखी फिरून आल्यावर, रात्र चढल्यावर उभं राहतं आणि उजाडताना दहीहंडी फुटते तेव्हा संपतं. लिहिलेली संहिता नसते. पात्रं आपापली रंगरंगोटी स्वतः करतात. पायपेटी, पखवाज, झांज आणि एक बाकडं, एवढ्यावर इंद्राची सभाही होते आणि अरण्यही. आपल्या कृपेने हे सगळं ४० मिनिटांत उरकलं. संकासूर आला, त्याने वेद पळवले, आणि ते परत मिळतात न मिळतात तोच सुरमईचा वास आला. आमची मागची रांग वेदांना तशीच सोडून उठली.

आधीची एक गोष्ट आपल्या कानावर घालायला हवी. रंगपटात फोटो काढायची मुभा आपण दिलीत, त्यामुळे आमच्या एक ताई तिथल्या पेटाऱ्यावर ऐटीत बसल्या. स्त्रीपार्ट करणारा नट काजळ घालत होता. तो न वळता, आरशातूनच म्हणाला, “काकी, वायच उठा. आत गणपती आसा.” ताई उठल्या. फोटो मात्र आधीच निघाला होता, आणि तो आपल्या पुढच्या पत्रकाच्या मुखपृष्ठावर छापून आल्याचं पाहिलं. छान आला आहे.

कार्यक्रम संपल्यावर ती मंडळी तोंडावरचा रंग तसाच ठेवून पेटारे टेंपोत चढवत होती. मी विचारलं, “दमला असाल. आता झोपणार?” नट हसला. “निजतंय खंय? आता जत्रेक जातंव. नाटक आसा.”

जत्रा दोन-तीन किलोमीटरवर होती. त्याच रात्री. आपल्याला ठाऊक असणार, कारण जेवताना आपण सूचना दिलीत की रात्री लाऊडस्पीकरचा त्रास होईल, खिडक्या लावून घ्या. आणि उद्या सहा-सात-आठ. सहाला उठणं, सातला नाश्ता, आठला गाडी. मी खिडकी उघडी ठेवली, माझं शौर्य तेवढंच. दोन वाजेपर्यंत पखवाज ऐकत पडून राहिलो. चप्पल घालून चालत गेलो असतो तर अर्ध्या तासात पोचलो असतो. गेलो नाही. पैसे भरलेल्या माणसाला नाश्ता चुकण्याची एक वेगळीच धास्ती असते, आणि तिच्याच भरवशावर आपला धंदा उभा आहे, हे मी कबूल करतो.

सकाळी आठला गाडी निघाली. वाटेत आपण ध्वनिक्षेपकावर म्हणालात, “उजव्या बाजूला एक जुनं मंदिर.” मी खिडकीत होतो. देवळासमोर फुटलेल्या हंडीची खापरं पडली होती. माणसं हातावर दहीकाल्याचा प्रसाद घेऊन घरी निघाली होती. पायरीवर रात्रीचा इंद्र बनियनवर बसून खोबरेल तेलाने तोंड पुसत होता, बाजूला चहाचा पेला. कालचा स्त्रीपार्ट त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होता. गाडी थांबली नाही. पुढच्या ठिकाणी जलक्रीडेची वेळ ठरलेली होती.

सबब विनंती अशी की, पुढच्या वर्षी डिसेंबरातल्या सहलीत माझं नाव घालावं. पैसे पूर्ण घ्या. हाऊजी, बॅनर, आंबोलीचा कातळ, सगळं मंजूर. जत्रेच्या रात्री मात्र मला मोजणीतून वगळा. नाश्ता दुसऱ्या कुणाला द्या. सकाळी आठला गाडी त्या देवळावरूनच जाते. मी पायरीवर बसलेला असेन, दोन मिनिटं थांबून घेऊन जावं. आणि खर्चाची काळजी नसावी : जत्रेतल्या नाटकाला तिकीट नसतं.

कळावे,
आपला,
आसन क्रमांक १७