उघडलंच आहे तर

सगळ्याच्या मुळाशी एक सील होतं. इंजिनाच्या मागच्या टोकाला, जिथे क्रँकशाफ्ट बाहेर डोकावतो तिथलं. गाडी १९७२ची शेव्हरोले शेव्हेल, तिच्यात ३५० घनइंचांचं व्ही-एट इंजिन, आणि या जुन्या इंजिनांचं हे सील दोन तुकड्यांचं असल्यामुळे गळण्यासाठी नावाजलेलं. किंमत दोन कप कॉफीएवढी. ते बदलायला माझा नवरा एका शनिवारी गाडीखाली शिरला.

ऑइल पॅन काढलाच आहे, तर बेअरिंगं बघून घेऊ. बेअरिंगं बघायचीच आहेत, तर इंजिन खालीच उतरवू. उतरवलंच आहे, तर रिंगा-पिस्टन टाकू. पिस्टन नवे येणारच आहेत, तर बोअर करून घेऊ. संध्याकाळपर्यंत अडीचशे किलोंहून जड लोखंड आमच्या गॅरेजमध्ये साखळीला लोंबकळत होतं, आणि मूळ सीलचं नावही कोणी काढत नव्हतं.

आम्ही राहतो डेट्रॉइटच्या उपनगरात, म्हणजे या आजाराच्या माहेरी. आमच्यापासून जवळच वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू आहे. साठच्या दशकात तिथे पोरं एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लावायची; १९९५पासून दर ऑगस्टात त्याच रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. आणि ही ‘मसल कार’ नावाची जात रुजली तीच मुळी ‘केलंच आहे तर’मधून. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. जॉन डिलोरिअन आणि पॉन्टिअ‍ॅकच्या मंडळींनी १९६४च्या टेम्पेस्टमध्ये ३८९चं इंजिन घातलं, त्याला जीटीओ नाव दिलं, आणि वरिष्ठांना सांगितलं की ही नवी गाडी नाही, गिऱ्हाइकाने मागितलं तर द्यायचं जादा पॅकेज आहे. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गिऱ्हाइकांनी ते मागितलं. अशा गावात राहून नवऱ्याला एकट्याला काय बोलायचं?

बोललेच, अर्थात. “चांगली चालत होती की!” म्हटलं. त्यावर अश्वशक्तीवर व्याख्यान झालं. आमच्या गाडीची ताकद कागदोपत्री १६५, आणि दोनच वर्षं आधी याच आकाराच्या इंजिनाची २५०. थोडी खरंच घटली होती, कारण साध्या पेट्रोलवर चालावीत म्हणून १९७१मध्ये इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. पण बरीचशी घट मोजण्यातली होती. आधी इंजिन मोकळं ठेवून मोजायचे. ना अल्टरनेटर, ना पंखा, ना सायलेन्सर. १९७२पासून सगळं जोडून मोजायला लागले. संसार गळ्यात बांधून मोजली की कोणाचीही ताकद उतरते, हे मी त्याला म्हटलं. त्याला ते फार पटलं आणि त्याने मोठा क्रँकशाफ्ट मागवला.

ही करामत अमेरिकेत घरोघरी चालते. ३५०च्या ब्लॉकमध्ये ४०० इंजिनाच्या स्ट्रोकचा क्रँक बसवायचा. स्ट्रोक ३.४८ इंचांवरून पावणेचारवर जातो, चार इंचांचा बोअर तीस थाऊ वाढवायचा (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ), की झालं ३८३. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ब्लॉकला घासतात, म्हणून ब्लॉकची कड ग्राइंडरने थोडी खायची. एकूण जवळजवळ ६,२७० सीसी. आठाने भागून पाहा: एकेक सिलिंडर ७८४ सीसीचा. आमच्या लग्नानंतर पुण्यात घेतलेली अख्खी मारुती ७९६ची होती, आणि तिच्यात आम्ही पाच माणसं बसून महाबळेश्वरला गेलो होतो.

इंजिनाचं एक तत्त्व मात्र मला पटलं: जो भाग जिथून निघाला, तो तिथेच परत गेला पाहिजे. झिजताना प्रत्येकाने आपल्या जोडीदाराशी जुळवून घेतलेलं असतं. व्ही-एटला रॉकर सोळा, आणि माझ्या इडलीपात्राला चार थाळ्यांत मिळून साचे सोळा. पुढचं सांगायला नको. क्रँकशाफ्ट आडवा ठेवला तर वाकेल म्हणून तो उभा, पाहुण्यांच्या कोटांच्या कपाटात. ज्याला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, तो माणूस बेअरिंगमध्ये मेणाची बारीक काडी ठेवून, टोपी आवळून, पुन्हा सोडून, ती किती चपटी झाली ते भिंगातून बघत होता. फट दोन-अडीच थाऊ हवी. “केसापेक्षा कमी!” तो आनंदाने ओरडला. त्याच्या डोक्यावर तुलनेला फारसं काही उरलेलं नाही.

शेव्हरोलेच्या इंजिनाचा रंग नारिंगी. आमच्याकडे त्याला भगवा म्हणतात. दसरा आलाच होता, त्यामुळे स्टँडवर चढवलेल्या त्या भगव्या धुडाला झेंडूचा हार, हळद-कुंकू, सगळं यथासांग झालं. शेजारचे आजोबा आयुष्यभर मोटारींच्या कारखान्यात होते. त्यांनी टोपी काढली आणि विचारलं, “ऑइल पंप प्राइम केलास का?”

केला होता, ड्रिल मशीनने. जुन्या पद्धतीचा कॅम असला की पहिल्यांदा सुरू केलेलं इंजिन मंद चालू द्यायचं नसतं. लगेच दोन हजार फेऱ्यांच्या वर न्यायचं आणि वीस मिनिटं तिथेच धरायचं, नाहीतर कॅम आणि लिफ्टर एकमेकांना खातात. रोलर कॅमला हे लागत नाही, पण तो महाग. एवढ्या एकाच ठिकाणी नवऱ्याला काटकसर सुचली होती. रविवारी सकाळी दहाला चावी फिरली. पहिल्या मिनिटाला तीन घरांचे पडदे हलले. पाचव्या मिनिटाला एक्झॉस्टवरचा नवा रंग धुरू लागला, तेव्हा आजोबा अग्निशामक नळकांडं घेऊन आले आणि खुर्ची टाकून बसले. दहाव्या मिनिटाला सासूबाईंचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला.

“कसला आवाज आहे? गिरणी घातलीत का?”

वीस मिनिटं संपेपर्यंत मी त्यांना फोन धरून सगळं दाखवलं. नवरा काळ्या हातांनी, लग्नात दिसला होता त्याहून उजळ चेहऱ्याने समोर आला.

“तुझ्या बाबांची स्कूटर नुसती तिरकी केली की सुरू व्हायची,” त्या म्हणाल्या. “बरं, अ‍ॅव्हरेज किती देते?”

“लिटरला पाच. हायवेवर.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, फोन कट झाला.

“मग एवढा खर्च केलाच आहेस,” सासूबाई म्हणाल्या, “तर सीएनजी का नाही बसवून घेत?”