वर्ग करूनही ‘जैसे थे’: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

साहित्य: काट्यांचं घड्याळ, सापडली तर एक जुनी पावली, आणि दिग्रसच्या बसस्थानकावर पुसदच्या गाडीची वाट पाहण्याइतका रिकामा वेळ. तिसरी वस्तू फुकट मिळते.

रोजच्या गणितात वर्ग करूनही जैसे थे राहतात ते फक्त ० आणि १. म्हणून आधी गणितच बदला. घड्याळासारखे बारा-बारा टाकत चला. चार चोक सोळा. बारा गेले, उरले चार. नऊ नव्वे एक्क्याऐंशी. बहात्तर गेले, उरले नऊ. घन केलात तर पास होणाऱ्यांची गर्दी होते, फक्त २, ६ आणि १० नापास. शेजारी कोणी बसलं असेल तर हे मनातल्या मनात करावं.

आता पावली काढा. (पैशाला पैशाने गुणतात का, असं विचारणाऱ्याने चौकशी खिडकीवर जावं.) पुरे रुपये सोडायचे, वरची चिल्लर तेवढी मोजायची. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा पावली म्हणजे चार आणे. चार चोक सोळा, पुरा रुपया, चिल्लर शून्य. पावली गडप! १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि तीच पावली पंचवीस पैशांची ठरली. पंचविसाचा वर्ग ६२५; सहा रुपये सोडा, हातात पुन्हा पंचवीस. नाणं तेच, किंमत तीच, पण सरकारने हिशेब बदलताच पावली अमर झाली. २०११ मध्ये ती चलनातून गेली, तो भाग वेगळा.

कारण साधं आहे. सोळात दोनाशिवाय काही नाही. बारात तीन आणि चार, शंभरात चार आणि पंचवीस, असे एकमेकांशी देणंघेणं नसलेले दोन भाग निघतात. तिथेच असे आकडे जन्मतात, तेही जोडीने. पंचविसाचा जोडीदार ७६. त्याचा वर्ग ५७७६. दोघांची बेरीज १०१, म्हणजे एक. गुणाकार १९००, म्हणजे शून्य.

गाडी अजून आली नसेल तर पुढे चला. हजारावर ६२५, लाखावर ९०६२५, कोटीवर २८९०६२५. डावीकडे अंक वाढत जातात, उजवीकडचे हलत नाहीत. हे कधीच थांबवलं नाही, तर डावीकडे अनंत गेलेली एक संख्या मिळते, जिचा वर्ग हुबेहूब तीच. अशा संख्यांचं शास्त्र कुर्ट हेन्सेल यांनी १८९७ मध्ये मांडायला घेतलं. पण त्यांचा पाया मूळ संख्यांचा, आणि तिथे ० आणि १ शिवाय कोणी टिकत नाही.

वारांच्या हिशेबातही तेच, कारण सात ही मूळ संख्या. तिथे वर्गाचा नाद सोडा आणि सातवा घात करा. दोनाचा १२८, अठरा आठवड्यांचे १२६ गेले, उरले दोन. इथे एकही आकडा नापास होत नाही, हे फर्माने १६४० मध्येच सांगून ठेवलंय.